हडळीचे बूट

हडळीला बूट घालायचे झाले तर त्यांचं टोक कुठल्या बाजूला येईल, या विषयावर झालेल्या बैठकीचं इतिवृत्त मी टाइप केलेलं आहे. तीन प्रती, मध्ये कार्बन. बैठक पिंपरीच्या एका कारखान्यात झाली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. सात माणसं हजर होती आणि त्यांतलं एकही हसलं नाही. मीही नाही, कारण मला शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा होता.

मी तेव्हा पर्सोनेल खात्यात टायपिस्ट होते. चोवीस वर्षांची, लग्न न ठरलेली, कासारवाडीहून सायकलने कामाला येणारी. एका दिवाळी अंकात माझी एक गोष्ट छापून आली होती. तेवढ्यावरून कारखान्याची मराठी गृहपत्रिका माझ्या गळ्यात पडली. वाढदिवस, बदल्या, निवृत्तीचे समारंभ आणि शेवटच्या पानावर सुरक्षिततेच्या सूचना, असं तिचं रूप होतं. ती कुणी वाचत नसे. कँटीनमध्ये तिच्यावर भजी मिळत, तेव्हा मात्र प्रत्येकाच्या हातात दिसे.

त्या वर्षी प्रश्न बुटांचा होता. पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमधल्या कामगारांना कंपनी पुढे लोखंडी टोपी असलेले जाड बूट द्यायची. ते बूट नवेकोरे डब्यात राहायचे आणि कामगार चपला घालून मशीनवर उभे राहायचे. चौकशी केली तर कळलं, की बूट गावी लग्नात घालायला ठेवलेत. आमच्या कंपनीचे बूट घालून मावळात किती नवरदेव बोहल्यावर चढले असतील, देव जाणे. इकडे मात्र दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या पायावर काहीतरी पडायचंच.

आमचे पर्सोनेलचे साहेब मुंबईहून नवीन आले होते. तिशीचे, हुशार, मनाने चांगले. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात परदेशी चित्रकथांची पुस्तकं असायची. जेवणाच्या सुट्टीत ते एक पुस्तक फायलीत घालून वाचायचे आणि आपलं हे गुपित कुणाला ठाऊक नाही, अशा समजुतीत असायचे.

एक दिवस त्यांनी मला बोलावलं. "बाई, कामगार नोटीस वाचत नाही. चित्र वाचतो. आपण चित्रकथा काढू. तुम्ही लिहा."

पहिली चित्रकथा त्यांच्याच कल्पनेतली होती. आकाशातून उडत येऊन कामगारांना वाचवणारा एक वीर. निळा घट्ट पोशाख, त्यावर बाहेरून लाल चड्डी, पाठीवर लांब लाल कापड. मी गोष्ट लिहिली आणि चित्रं काढायला कासारवाडी स्टेशनजवळच्या पेंटरचाचांना सांगितलं. चाचा ट्रकच्या पाट्या आणि दुकानांचे बोर्ड रंगवायचे. साठीचे, दाढीवर कायम कुठला ना कुठला रंग. त्यांनी वीर फार सुंदर काढला. फक्त सवयीने त्याच्या छातीवर कमळ आणि दोन मोर काढले.

चित्रं सुरक्षा समितीपुढे आली. समितीत कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मशीन शॉपचे एक फिटर होते. काळेसावळे, शांत, बुद्धविहारात रविवारी संध्याकाळी मुलांना शिकवायचे. बोलायच्या आधी समोरचा कागद दोनदा वाचायची त्यांना सवय होती. तो वाचून ते म्हणाले, "साहेब, हे पाठीवरचं कापड फिरत्या लेथमध्ये अडकलं तर पहिला अपघात याचाच होईल. सैल कपडा घालायचा नाही, हा आपलाच नियम आहे."

सुरक्षा अधिकारी पूर्वी लष्करात होते. त्यांनी लगेच मान डोलावली. कापड गेलं.

"आणि चड्डी बाहेरून का?" फोरमननी विचारलं.

"तसाच असतो तो," साहेब म्हणाले. "संकटाच्या वेळी घाईत निघतो."

"घाईत कपडे घालणाऱ्याकडून आम्ही सुरक्षितता शिकायची?" प्रतिनिधींनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

चड्डी आत गेली. उंचावर काम करताना कमरेला पट्टा हवाच, या नियमामुळे त्याचं उडणंही गेलं. राहिला तो निळ्या कपड्यांतला, छातीवर मोर असलेला एक धष्टपुष्ट माणूस, जो दारातून चालत येऊन बूट घाला असं सांगत होता. गृहपत्रिकेत तो छापून आला आणि कामगारांना वाटलं, कुठल्या तरी तालमीची जाहिरात आहे. दोघेजण मला पत्ता विचारायला आले.

साहेब खचले. म्हणाले, "आपल्या लोकांना वीर चालत नाही. भीती चालते. या वेळी पत्रिका नको, भिंतींवर पत्र्याच्या पाट्या लावू. तुमच्याकडे भुतं कोणती आहेत?"

मी हडळ सुचवली. हा माझा दोष, आणि तो मी पुढे कधी नाकारला नाही.

कारण साधं होतं. आमच्या सायकल स्टँडच्या मागे एक बुजवलेली विहीर होती. कारखाना व्हायच्या आधी तिथे पिंपळे गुरवच्या कुणाची तरी जमीन होती. विहिरीवर हडळ आहे असं गावाकडचे कामगार म्हणायचे आणि त्या कोपऱ्यात कुणी सायकल लावायचं नाही. इतर ठिकाणी सायकली एकमेकींच्या अंगावर पडायच्या आणि तो कोपरा मोकळा. मला वाटलं, जिला लोक आधीपासून भितात तिलाच सांगायला लावू. हडळ मला आईच्या तोंडून पाठ होती. केस मोकळे, साडी हिरवी, नखं लांब, पाठ पोकळ आणि पावलं उलटी. मी तसंच लिहून दिलं.

मग ती बैठक झाली.

सुरक्षा अधिकाऱ्यांनी पहिलाच मुद्दा काढला. "पावलं उलटी असतील तर बुटाची लोखंडी टोपी मागच्या बाजूला येईल. चित्रात बूट चुकीचा घातलेला दिसेल. चालणार नाही."

"पण तिची पावलं उलटीच असतात," मी म्हटलं.

"असू देत. कारखान्याच्या हद्दीत सरळ पाहिजेत."

साहेबांनी मला लिहायची खूण केली. मी लिहिलं, 'हडळीच्या पावलांच्या दिशेबाबत साधकबाधक चर्चा होऊन ती सरळ दाखवावीत असे ठरले.' पुढे सगळं सोपं गेलं. मोकळे केस मशीनमध्ये जातात, म्हणून केस टोपीखाली. नखांवर हातमोजे. साडीचा पदर सुटतो, म्हणून साडीऐवजी मेकॅनिक घालतात तसा अंगभर बॉयलर सूट. पोकळ पाठ समोरून दिसत नाही, तेव्हा तिचा खर्च नको.

"मग ही हडळ आहे हे कळणार कसं?" फोरमननी विचारलं.

"खाली लिहू," साहेब म्हणाले.

मग प्रतिनिधी बोलले. "माझा विरोध नोंदवा. आम्ही असल्या गोष्टी सोडून दिल्या. मी रविवारी पोरांना सांगतो, भूतबीत काही नसतं. सोमवारी कंपनीच्या पाटीवर हडळ दिसली तर पोरांना काय सांगू? लिहायचंच असेल तर खरं लिहा. ती नसते, असं लिहा."

सगळ्यांना ते रास्त वाटलं. मलाही. म्हणून पाटीवरचा मजकूर असा ठरला: 'मी हडळ आहे. हडळ अस्तित्वात नसते. अपघात असतो. बूट घाला.'

आता चेहरा राहिला. चाचांनी मला सरळच विचारलं, "बेटी, मी बघितली नाय ती. तू बघितली काय? मग तोंड कुणाचं काढू?" मी साहेबांना विचारलं. साहेबांनी थोडे आढेवेढे घेत खालचा खण उघडला आणि एका परदेशी पुस्तकातलं पान दाखवलं. गोरी बाई, टोकदार हनुवटी, कपाळावर कुरळी बट. चाचांनी दहा पत्र्यांवर तीच काढली. टोपीतून एक सोनेरी बट तेवढी बाहेर ठेवली, कारण ती त्यांना फार साधली होती.

पाट्या लागल्या आणि तीन दिवसांनी गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. "बाई, चार बाया आल्यात. हडळीच्या जागेसाठी."

मी गेले. पिंपळे गुरव आणि कासारवाडीच्या बायका होत्या. एकीच्या नवऱ्याने घरी जाऊन सांगितलं होतं, की कंपनीत आता टोपी-बूट घातलेली बाई रंगवून लावलीय. बायकांनी त्यावरून भरती निघाली असं धरलं. आमच्याकडे मशीनवर तेव्हा एकही बाई नव्हती.

"बूट कंपनीचंच मिळत्यात का घरून आणायचं?" त्यांच्यातल्या पुढच्या बाईनं विचारलं.

"अहो, ते भुताचं चित्र आहे," मी सांगितलं.

"व्हय, पर कामाचं काय?"

मी नावं लिहून घेतली आणि साहेबांकडे टिपण पाठवलं. ते शेरा मारून परत आलं: 'हडळ या पदास मंजुरी नाही.' त्या आठवड्यात आणखी अकरा बायका आल्या. मी सगळ्यांची नावं लिहिली. का लिहिली, सांगता येत नाही. बहुधा त्या इतक्या नीट उत्तरं द्यायच्या म्हणून.

कँटीनला दूध घालायला पिंपळे गुरवहून एक मावशी यायच्या. पन्नाशीच्या, बांध्याने दणकट, कमी बोलणाऱ्या. एका सकाळी त्या रिकामी किटली हातात घेऊन कँटीनच्या भिंतीवरच्या पाटीसमोर उभ्या असलेल्या दिसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी एका पोऱ्याकडून मजकूर वाचून घेतला होता. मला पाहिल्यावर म्हणाल्या, "ह्ये तुमी काढलं म्हणं?"

मी हो म्हटलं आणि बोलणी खायची तयारी केली.

"कोनच्या हिरीवरली ही?"

"सायकल स्टँडच्या मागची."

त्यांनी किटली खाली ठेवली. "ती हीर आमची व्हती," त्या म्हणाल्या. "अन् ही माझी थोरली जाऊ."

मी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. त्या तेराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हा थोरली जाऊ वीस-बावीसची होती. तिनेच यांना भाकरी थापायला शिकवलं, सासूच्या मारातून दोनदा वाचवलं. मग ती बाळंतपणात गेली, पोरासकट. मळ्यातली माणसं म्हणायला लागली, की बाळंतीण मेली, ती आता हिरीवर हडळ होऊन बसली. घरातलेही तेच म्हणायला लागले. मसणातून परत येताना वाटेवर मोहरी टाकतात, म्हणजे ती मोजत बसते आणि घरी येत नाही. ती मोहरी सासूने यांच्या हातून टाकून घेतली होती.

"समदी म्हणायची तिचं पाय उलटं," मावशी म्हणाल्या. "आठवा लागल्यावर तिचं पाय सुजायचं. म्या तेल लावून चोळलंत. पाय कसं व्हतं ते माझ्याबिगर कोणाला ठावं? इतकी वरसं म्या सांगती, पाय सरळ व्हतं. कुणी आयकत न्हाई. तुमी पयल्यांदा सरळ काढलं. कुणाला इचारलं?"

तिची पावलं आम्ही बुटाच्या लोखंडी टोपीसाठी सरळ केली होती. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "समितीत चर्चा झाली होती."

त्यांनी समाधानाने मान हलवली. कंपनीने चौकशी करूनच काढलं असणार, असं त्यांना वाटत होतंच. "बाकी समदं चुकलंय," त्या म्हणाल्या. "ही मडम कोण हाय? आमची जाऊबाई सावळी व्हती. तोंड गोल. ह्ये तोंड बदला."

आमच्या भागात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असायची. त्या गुरुवारी मी मावशींना चाचांच्या दुकानात घेऊन गेले. चाचांनी कँटीनमधला पत्रा समोर टेकवला, गोऱ्या बाईचं तोंड टर्पेंटाइनने पुसून काढलं आणि ब्रश घेऊन बसले. "सांगा बहेन. नाक?"

"नाक बारकं. सुपारीएवढं."

चाचांनी काढलं.

"इतकं बारकं न्हाई. चांगल्या सुपारीएवढं."

असं दोन तास चाललं. मागून लोणावळ्याकडे गाड्या जात होत्या. गाडी आली की दोघंही थांबायची, गेली की पुढचा अवयव. हनुवटीवर गोंदण होतं, ते मावशींनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून दाखवलं. कान मोठे होते. दात पुढे नव्हते, पण ओठ पुरते मिटायचे नाहीत. चाचा हे सगळं मुकाट्याने करत होते. डोळ्यांपाशी मात्र गाडं अडलं.

"डोळं आमच्या थोरल्या गाईगत," मावशी म्हणाल्या.

"मला गाय बघावी लागेल," चाचा म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा चाललीय. तसं नव्हतं. संध्याकाळी धारेच्या वेळी चाचा सायकलवर पिंपळे गुरवला गेले आणि मीही मागोमाग गेले, कारण दूध घालणाऱ्या बाईच्या गोठ्यात पेंटर एकटा बसलेला बरा दिसला नसता. चाचा गाईसमोर पाटावर बसून कागदावर तिचे डोळे काढत होते. मावशी धार काढता काढता सांगत होत्या, "पापणी तिची इतकी दाट नव्हती." गावातली चार माणसं गोठ्याच्या दारात जमली. एकाने विचारलं, काय चाललंय. मावशी म्हणाल्या, "जाऊबाईचं चित्र काढत्यात." त्या माणसांपैकी दोघे आमच्याच कारखान्यात होते आणि विहिरीजवळ सायकल लावत नव्हते.

पुढच्या गुरुवारी चित्र पुरं झालं. मावशी दुकानात आल्या, पाटीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला, थोरल्या जावेसमोर घ्यावा तसा. मग त्या भिंतीला लागून जरा बाजूला उभ्या राहिल्या. चाचांनी बसायला स्टूल दिलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांच्या म्होरं नगं." इतका वेळ त्या 'ती' म्हणत होत्या.

चाचा हळूच म्हणाले, "बूट पुसून टाकू का? साडी रंगवतो, पाय उघडे काढतो. कंपनीला मी सांगतो."

"ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "त्यांच्या पायात कधी वहाण न्हाई पडली. उन्हाळ्यात मळ्यात पाय भाजायचं. आमी न्हाई दिली. कंपनीनं बूट दिलंय, ऱ्हाऊ द्या."

चाचांनी बाकीचे नऊ पत्रेही त्याच तोंडाने रंगवून दिले. पैसे विचारले तर त्यांनी हात झटकला.

नव्या पाट्या समितीपुढे गेल्या. साहेब अस्वस्थ झाले. "बाई, ही तर अजिबात भीतीदायक नाही. ही कोण आहे?"

मी सांगितलं. प्रतिनिधींनी समोरचा कागद दोनदा वाचला. "मग खालचं नाव खोडा," ते म्हणाले. "ही बाई होती. बाळंतपणात मेली. आपल्या वस्त्यांत अजून मरतात. तिला हडळ म्हणायचं कारण नाही."

"आणि 'अस्तित्वात नसते'?" मी विचारलं.

"तेही खोडा. होती ना."

सुरक्षा अधिकाऱ्यांना नवीन अडचण दिसली. व्यक्ती खरी असेल तर तिच्या नातेवाइकांची संमती पाहिजे. मी संमतीपत्र टाइप केलं. 'नाते' या रकान्यात काय लिहायचं, यावर पुन्हा थोडी चर्चा झाली. शेवटी मी 'धाकटी जाऊ' लिहिलं आणि मावशींनी अंगठा उठवला. त्या दिवसाच्या इतिवृत्तात एक वाक्य आहे, जे लिहिताना माझे हात मशीनवर थांबले होते: 'सदर हडळ अस्तित्वात होती असे समितीच्या निदर्शनास आले.' प्रतिनिधींच्या सांगण्यावरून मी 'हडळ' खोडून 'महिला' केलं. तिन्ही प्रतींवर.

पाटीवर आता बॉयलर सूट, टोपी आणि बूट घातलेली एक सावळी, गोल तोंडाची बाई राहिली आणि खाली दोनच शब्द: 'बूट घाला.'

मला वाटलं, आता तरी हे चित्र जसं आहे तसं बघितलं जाईल. पंधरा दिवसांनी सुरक्षा अधिकारी माझ्या टेबलाशी आले. चेहरा लालबुंद. "चला माझ्याबरोबर."

प्रेस शॉपच्या दारातल्या पाटीला हळदकुंकू लावलेलं होतं. पत्र्याच्या कडेला झेंडूचं फूल खोचलं होतं. खाली नारळाची करवंटी. पाटीमुळे बरेचजण आता बूट घालून शिफ्टला येत होते, पण प्रत्येकजण पाटीसमोर थांबून ते काढत होता, हात जोडत होता आणि पुन्हा बूट घालायचा कंटाळा येऊन ते हातात घेऊनच आत जात होता. काही शहाणे तर ते तिथेच ठेवून जात होते, देवळाच्या बाहेर ठेवतात तसे. पाटीखाली बुटांची रांग लागली होती. सोबत थोड्या चपलाही.

प्रतिनिधी माझ्यामागून येऊन उभे राहिले. इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मी यांना म्हटलं, हडळ नका म्हणू, माणूस म्हणा," ते म्हणाले. "यांनी देवी केली. मधे थांबायला जागाच नाही का राव यांच्यापाशी?"

साहेबांना पाट्या काढायच्या होत्या. प्रतिनिधींनी अडवलं. म्हणाले, पाट्या काढल्या तर देवीचा कोप झाला म्हणतील आणि मग निस्तरणं अवघड जाईल. त्यापेक्षा मावशींना बोलवा, त्या खरं काय ते सांगतील.

मावशी आल्या. प्रेस शॉपच्या मधोमध त्यांना एका पेटीवर उभं करायचं ठरलं होतं. त्या खालीच उभ्या राहिल्या. पहिल्या शिफ्टचे सगळे जमले. मावशी भाषण करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पाटीकडे बघून पदर पुढे घेतला आणि म्हणाल्या, "ह्या माझ्या जाऊबाई. लई भोळ्या व्हत्या. कुणी पाया पडलं तर लाजायच्या, आत पळायच्या. त्यांच्या म्होरं बूट काढू नगा. त्यांना कसंतरी व्हईल." मग म्हणाल्या, "पाय भाजत्यात म्हणून रडायच्या. तुमाला बूट मिळालंय तर घाला की."

एवढंच बोलून त्या किटली उचलून कँटीनकडे गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून सगळीच माणसं बूट घालून आत यायला लागली. लग्नासाठी ठेवलेले उरलेले डबेही उघडले. काहींनी गावाकडून, मेहुण्याच्या पायातले परत मागवले. पाटीसमोर लोक अजूनही थांबायचे, पण आता पाय जरा पुढे करून, बूट तिला दिसावेत असे. मग आत जायचे. हळदकुंकू थांबलं नाही. फूलही नाही. सुरक्षा अधिकारी खूश झाले आणि त्यांनी समितीत आभाराचा ठराव मांडला. एकट्या प्रतिनिधींनी त्याला विरोध नोंदवला. कारण विचारलं तर म्हणाले, "परिणाम बरोबर आहे, कारण चूक आहे. तेवढं लिहा." मी लिहिलं.

हे सगळं जेमतेम वर्षभर टिकलं. साहेब दुसरीकडे गेले, जाताना परदेशी पुस्तकांचा गठ्ठा मला देऊन गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी मुंबईहून छापील पोस्टर मागवली. त्यांवर एक हसरं हेल्मेट होतं, हातपाय असलेलं. आमचे पत्रे भांडारात गेले. कँटीनमधला पत्रा मी मावशींना दिला. त्यांनी तो डोक्यावर घेऊन नेला, चित्राची बाजू वर करून.

बायकांची नावं लिहिलेली ती वही मी नव्या साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. काही वर्षांनी पॅकिंग खात्यात बायका घ्यायला सुरुवात झाली तेव्हा त्या वहीतल्या तिघी आल्या. वहीमुळे आल्या की आपल्या आपण, हे मला माहीत नाही. चाचा त्याआधीच वारले होते.

ऐंशी सालानंतर कधीतरी मी पिंपळे गुरवला गेले. लग्न होऊन मी निगडीला राहायला गेले होते आणि मुलीसाठी चांगलं दूध कुठे मिळेल, या शोधात होते. मावशींच्या गोठ्यात आता दोनच गाई होत्या, बाजूच्या शेतात प्लॉट पाडलेले. बाहेरच्या खोलीत कॅलेंडरशेजारी तो पत्रा लावला होता. रंग थोडा उडालेला, बूट कणगीमागे झाकलेले. नवीन आलेली नातसून मला पाणी देत होती. मी चित्राकडे बघतेय हे पाहून तिने सांगितलं, "आमच्या थोरल्या आजेसासूबाई. लई वरसं कंपनीत कामाला व्हत्या."

मी मावशींकडे पाहिलं. त्या चुलीपाशी बसून दूध तापवत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. उतू जायला आलेल्या दुधावर त्यांनी फुंकर मारली आणि मला विचारलं, रोजचं किती लागेल. मी अर्धा लिटर म्हटलं. त्या म्हणाल्या, लहान पोर हाय तर पाऊण घे.